लिंक कुठे उघडते?

२०२२ या एका वर्षात गूगलने ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. कशासाठी, तर सफारी या ॲपलच्या ब्राउझरच्या पट्टीत कुणी काहीही टाइप केलं की ते शोधायला गूगलकडेच जावं, यासाठी. आदल्या वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, ॲपल, सॅमसंग, मोझिला, मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या अशा सगळ्यांना मिळून गूगलने अशाच राखीव जागांसाठी २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. एरवी हे आकडे कधी बाहेर आले नसते. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२० साली गूगलवर खटला भरला, वॉशिंग्टनच्या न्यायालयात साक्षीपुरावे झाले, तेव्हा ते जगाला कळले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की शोधसेवेतली मक्तेदारी गूगलने बेकायदा मार्गाने टिकवली.

ही जागा बदलायला कुणाला बंदी नव्हती. सफारीच्या सेटिंग्जमध्ये गेलं की गूगलऐवजी दुसरं शोधयंत्र निवडता येत होतं, आजही येतं. मिनिटभराचं काम. जे मिनिटभरात बदलता येतं ते बदललं जाऊ नये म्हणून कुणी २० अब्ज डॉलर मोजत असेल, तर माणसं ते बदलत नाहीत याची त्याला पुरेपूर खात्री असली पाहिजे.

फोनमध्ये अशा राखीव जागा एकीच्या आत एक असतात. बाहेरची जागा ब्राउझरची: लिंक दाबली की कोणतं ॲप उघडणार. आतली जागा त्या ब्राउझरमधल्या शोधयंत्राची. बाहेरची जागा ज्याच्या हातात, तो आतली जागा विकू शकतो, स्वतःकडे ठेवू शकतो किंवा भाड्याने देऊ शकतो. म्हणून इथे बाहेरच्या जागेबद्दल, म्हणजे डिफॉल्ट ब्राउझरबद्दल बोलायचं आहे.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बातमीची लिंक टाकतं, आपण तिच्यावर बोट टेकवतो आणि बातमी उघडते. या मधल्या क्षणात बरंच काही घडतं. व्हॉट्सॲप तो वेबपत्ता स्वतः उघडत नाही. ते अँड्रॉइडला निरोप देतं की हा पत्ता आहे, कुणाला तरी दाखवायला सांग. अशा निरोपाला अँड्रॉइड लिहिणारे ‘इंटेंट’ म्हणतात. फोनमध्ये येतानाच प्रत्येक ॲपने नोंदवून ठेवलेलं असतं की आपण कोणकोणते निरोप घेऊ शकतो. अँड्रॉइड ती नोंद चाळतं. या पत्त्याचा मालक असलेलं एखादं ॲप फोनमध्ये आहे का, हे आधी बघितलं जातं. यूट्यूबची लिंक यूट्यूबच्या ॲपमध्ये उघडते ती यामुळेच. अमुक ॲप माझंच आहे, असं सांगणारी एक छोटी फाइल संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या सर्व्हरवर ठेवलेली असते आणि अँड्रॉइड ती पडताळून घेतं. असा मालक सापडला नाही की निरोप जातो डिफॉल्ट ब्राउझरकडे. बातमी, सरकारी अर्ज, निकालाचं पान, दवाखान्याचा पत्ता, सगळं त्याच्याच हातून आपल्यापुढे येतं.

जुन्या अँड्रॉइड फोनांत या ठिकाणी एक प्रश्न विचारला जाई. फोनमध्ये दोन ब्राउझर असले की पडद्याच्या खालून एक पट्टी वर येई. दोघांची चिन्हं शेजारी शेजारी आणि खाली दोन पर्याय: फक्त एकदा, किंवा नेहमी. ती पट्टी सारखी समोर यायची म्हणून लोक वैतागत. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० मध्ये ब्राउझर ही एक ठरलेली भूमिका झाली. ती एका वेळी एकाच ॲपला मिळते आणि सेटिंग्जमध्ये बदलता येते. व्यवहाराला हे सुटसुटीत आहे, यात शंका नाही. पण ती पट्टी गेल्याचं मला वाईट वाटतं. आपल्यापुढे एकाहून अधिक रस्ते आहेत, याची आठवण ती अधूनमधून देत असे.

आयफोनवर हा प्रश्न तेरा वर्षं विचारताच येत नव्हता. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हापासून लिंक म्हणजे सफारी. २०१२ मध्ये आयफोनसाठी क्रोम आला, पुढे फायरफॉक्स आला, पण ईमेलमधली लिंक दाबली की उघडायची सफारीच. सप्टेंबर २०२० मध्ये आयओएस १४ आली आणि ॲपलने पहिल्यांदा डिफॉल्ट ब्राउझर बदलण्याची सोय दिली. तीही सुरुवातीला धड नव्हती. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की आपण निवडलेला ब्राउझर बाजूला पडून सफारी परत येई. काही दिवसांत १४.०.१ ही सुधारित आवृत्ती आली आणि तो दोष गेला.

तर मग प्रश्न असा: सोय आहे, मिनिटभराचं काम आहे, तरी माणसं बदलत का नाहीत? लोक आळशी असतात, हे उत्तर सहज दिलं जातं. वर्तन-अर्थशास्त्रातल्या संशोधकांनी डिफॉल्टची ताकद पुष्कळ मोजली आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांचा २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला निबंध यात नेहमी सांगितला जातो. अवयवदानाला संमती धरून चालणाऱ्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक लोक दाते म्हणून गणले जात होते. वेगळी संमती मागणाऱ्या जर्मनीत १२ टक्के. शेजारशेजारचे देश, भाषा एक, मोठा फरक होता तो संमती आधीच धरली जाते की नाही याचा. पंगतीत पानात जे वाढलं जातं ते आपण खातो, उठून स्वयंपाकघरात जाऊन दुसरं मागत नाही, तसंच हे.

पण आळसाचं उत्तर मला पुरतं पटत नाही, कारण त्याच्या उलट पुरावा आपल्याच देशात आहे. एक काळ असा होता की भारतातल्या लाखो लोकांनी, त्यातल्या बहुतेकांनी ‘डिफॉल्ट’ हा शब्दही ऐकलेला नसताना, फोनसोबत आलेला ब्राउझर बाजूला सारून दुसरा घेतला होता.

तो टूजीचा काळ. हातात बटणांचा जावा फोन, तळहाताहून लहान पडदा आणि नेट पॅक एमबी मोजून मिळायचा. फोनसोबत आलेल्या ब्राउझरमध्ये बातम्यांचं एखादं पान उघडेपर्यंत चहा व्हायचा आणि पान उघडलं की बॅलन्स कापल्याचा मेसेज. मग कुणीतरी सांगायचं, ऑपेरा मिनी टाक. मित्राच्या फोनमधून ब्लूटूथने जार फाइल यायची, काहीशे केबींची. नॉर्वेतल्या ऑपेरा कंपनीने हा ब्राउझर जानेवारी २००६ मध्ये जगभर खुला केला होता. त्याची युक्ती अशी की वेबपान थेट फोनवर येतच नसे. आपली मागणी ऑपेराच्या सर्व्हरकडे जाई. तो सर्व्हर पान मागवी, चित्रं बारीक करी, मजकूर दाबून लहान करी आणि मगच फोनकडे पाठवी. डेटा नव्वद टक्क्यांपर्यंत वाचतो, असा कंपनीचा दावा होता. दावा बाजूला ठेवला तरी फरक डोळ्यांना दिसत होता आणि खिशालाही.

मराठी वाचणाऱ्यांसाठी ऑपेरा मिनीचा आणखी एक उपयोग होता आणि तो मला आजही थक्क करतो. त्या फोनांपैकी पुष्कळांत देवनागरी फॉन्टच नसे. मराठी पान उघडावं तर ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या. यावर उपाय होता. वेबपत्त्याच्या पट्टीत इंग्रजीतून ‘कॉन्फिग’ हा शब्द लिहायचा, त्यापुढे अपूर्णविरामाची दोन टिंबं द्यायची आणि ओके दाबायचं. एक साधं, अनाकर्षक पान उघडे. त्यात खाली खाली गेलं की गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी अक्षरांची चित्रं वापरायची का, असा पर्याय सापडे. तिथे ‘होय’ करायचं, सेव्ह करायचं. त्यानंतर ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराची चित्रं काढून फोनला पाठवी आणि चौकोनांच्या जागी जोडाक्षरांसकट शुद्ध मराठी दिसू लागे. चित्रं असल्यामुळे डेटा थोडा जास्त जाई. तरी लोक ते करत. एक दडलेला पर्याय, एकाने दुसऱ्याला सांगितलेला, आणि त्याच्या जोरावर माणसं स्वस्त फोनवर आपल्या भाषेत वाचू लागली. सेटिंग्ज ही जाणकारांची गोष्ट आहे, सामान्य माणसाला ती जमत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते.

पुढे स्वस्त अँड्रॉइड फोन आले आणि यूसी ब्राउझरने मुसंडी मारली. चीनमधल्या यूसीवेब कंपनीचा हा ब्राउझर. २०१४ मध्ये ती कंपनी अलीबाबाने घेतली. डाउनलोड मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होणं, कमी डेटात पान उघडणं, क्रिकेटचा स्कोअर समोरच दिसणं, अशा सोयींमुळे भारतातल्या मोबाइलवर तो काही काळ क्रोमच्याही पुढे होता.

या दोन्ही ब्राउझरांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑपेरा मिनीत पान सर्व्हरवर तयार होत असल्यामुळे आपण काय पाहतो ते सगळं त्या सर्व्हरला दिसे. बँकेचं कुलूपबंद पानही तिथे आधी उघडलं जाई आणि मग आपल्याकडे येई. यूसी ब्राउझरची २०१५ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने तपासणी केली, तेव्हा वापरणाऱ्याने शोधलेले शब्द एन्क्रिप्शनशिवाय उघडे जात असल्याचं आढळलं. २९ जून २०२० रोजी, गलवानच्या चकमकीनंतर दोन आठवड्यांनी, भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकची चर्चा सगळीकडे झाली. त्याच यादीत यूसी ब्राउझरही होता. तो गेला तरी फारशी ओरड झाली नाही, कारण फोनमध्ये क्रोम होताच.

तोपर्यंत मूळ कारणही नाहीसं झालं होतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि एमबी मोजायची सवय मोडली. क्रोममध्येही डेटा वाचवणारी सोय होती. गूगलने ती मार्च २०२२ मध्ये काढून टाकली आणि अनेक देशांत मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचं कारण दिलं. ब्राउझर बदलण्याचं जे कारण रोज बॅलन्सच्या मेसेजमधून समोर उभं राहायचं, ते संपलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कारण डोळ्यांपुढे असलं की माणसं बदल करतात, अगदी आडवळणाच्या पर्यायांत शिरून करतात. आज ब्राउझर निवडण्याची कारणं आहेत, पण ती दिसत नाहीत. एका पानावरून दुसऱ्या पानावर आपला माग काढणाऱ्या जाहिराती, आपण काय वाचतो याची कुठेतरी होणारी नोंद, शोधताना नेमके कोणते निकाल वर दिसतात, यातल्या कशाचाही मेसेज येत नाही. नुकसान होतं, पण बॅलन्समधून कापलं जात नाही.

जे एकेकट्याला दिसत नाही ते दिसावं म्हणून न्यायालयं आणि नियामक पुढे आले. याची सुरुवात संगणकावर झाली. विंडोजसोबत इंटरनेट एक्सप्लोरर फुकट देऊन मायक्रोसॉफ्टने नेटस्केप या ब्राउझरला बाजारातून बाहेर ढकललं, हा १९९८ मधल्या अमेरिकी खटल्याचा गाभा होता. युरोपात अशाच वादातून ‘निवडीचा पडदा’ जन्माला आला. मार्च २०१० पासून विंडोज वापरणाऱ्या युरोपीय लोकांपुढे बारा ब्राउझरांची यादी येऊ लागली. कुणावर अन्याय नको म्हणून पहिल्या पाचांचा क्रम दर वेळी पिसून लावायचा होता. पण पिसण्याचा प्रोग्रामच सदोष निघाला. सगळ्यांना सगळ्या जागा सारख्या वेळा मिळत नव्हत्या. बाहेरच्या लोकांनी ते मोजून दाखवलं, मग तो दुरुस्त झाला. पुढे विंडोज ७ च्या एका सुधारणेनंतर, मे २०११ पासून जुलै २०१२ पर्यंत, हा पडदा सुमारे दीड कोटी लोकांना दिसलाच नाही. मार्च २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरोंचा दंड केला. नियम करणं एक आणि तो पडद्यावर उतरतो का हे पाहत राहणं दुसरं. खरं काम दुसरं आहे.

फोनच्या बाबतीत बांधणी अधिक घट्ट होती. अँड्रॉइड फुकट आणि खुलं आहे, पण प्ले स्टोअर नसलेला फोन बाजारात कोण घेणार? प्ले स्टोअर हवं तर फोन बनवणाऱ्याने गूगलशी करार करायचा आणि गूगलच्या ॲपचा संच, त्यात गूगल सर्च आणि क्रोमही, आधीच बसवून द्यायचा. यासाठी युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो ४.१२५ अब्जांवर आणला. आपल्याकडे तिघा तरुणांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मोबाइल ब्राउझर हा त्या आदेशातल्या बाजारांपैकी एक होता. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि आयोगाचे काही निर्देश रद्द केले. त्याआधी जानेवारीतच गूगलने भारतासाठी बदल जाहीर केले होते. फोन बनवणाऱ्यांना ॲप सुटी घेता येतील आणि नवा फोन सुरू करताना शोधयंत्र निवडता येईल, असे ते बदल होते.

शोधयंत्र, ब्राउझर नव्हे. युरोपात अँड्रॉइडवर २०१९ पासून दोन्हींची यादी दाखवली गेली. आपल्याला अर्धाच पडदा मिळाला, आणि याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवरही निवडीचा पडदा आला. सायप्रसमधल्या अलोहा या छोट्या ब्राउझरने सांगितलं की त्या महिन्यात युरोपीय संघातले आपले वापरकर्ते २५० टक्क्यांनी वाढले. मुळातला आकडा लहान असला की टक्के मोठे दिसतात, हे ध्यानात घेऊनही ही वाढ बोलकी आहे. ब्राउझर तोच होता, फोन तोच होता, फक्त नाव समोर आलं होतं. पुढे त्या पडद्यात आणखी बारकावे आले: यादी शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय निवड पक्की होत नाही, आणि पडद्याच्या तळाशी सफारीचं चिन्ह असेल तर त्या जागी निवडलेल्या ब्राउझरचं चिन्ह बसतं. हा दुसरा बारकावा ज्याला सुचला त्याला माणसाच्या अंगठ्याची सवय कळली आहे. चिन्ह जिथे असतं तिथे अंगठा जातो, सेटिंग्जमध्ये काहीही लिहिलेलं असो.

हे मला मामींच्या फोनवर नीट उमगलं. मामींच्या फोनवर दिवसभर नोटिफिकेशनांचा मारा चालायचा. तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, तुम्हाला बक्षीस लागलं आहे, असे. त्या घाबरून जायच्या. कधीतरी रेसिपीच्या नाहीतर भविष्याच्या पानावर ‘परवानगी द्या’ दाबलं गेलं होतं आणि अशा पानांची रांगच लागली होती. जाहिराती अडवणारा ब्राउझर घालून द्यायचं ठरवलं.

“अगं, पण माझं सगळं जाईल ना त्यात?” मामींनी विचारलं.

“काही जात नाही, मामी. फोटो, नंबर, व्हॉट्सॲप, सगळं जिथल्या तिथे.”

“आणि पासवर्ड?”

प्रश्न अगदी योग्य होता. अँड्रॉइडवर गूगल खात्यात साठवलेले पासवर्ड फोनच्या ऑटोफिल सोयीतून दुसऱ्या ब्राउझरलाही पुरवता येतात. बुकमार्क मात्र आपोआप येत नाहीत, ते हाताने करावे लागतात. मामींचे मोजकेच होते. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘डीफॉल्ट ॲप्स’, त्यात ‘ब्राउझर ॲप’. तिथे नव्या नावापुढच्या गोलावर टिचकी. काही कंपन्यांच्या फोनांत हा पर्याय ॲपच्या यादीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमागे असतो. सापडला नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डीफॉल्ट’ लिहावं. आयफोनवर आयओएस १८.२ पासून सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आणि मग ‘डीफॉल्ट ॲप्स’ असा सरळ रस्ता आहे.

एवढं करूनही नोटिफिकेशनं थांबली नाहीत. थांबणारच नव्हती. परवानग्या जुन्या ब्राउझरला दिलेल्या होत्या आणि तो फोनमध्ये होताच. त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतल्या एकेका पत्त्याची परवानगी काढली, तेव्हा फोन शांत झाला. आणि मग पहिल्या पडद्यावरचं जुन्या ब्राउझरचं चिन्ह उचलून आत ठेवलं, त्या जागी नव्याचं ठेवलं. मामींचा अंगठा आता तिथेच जातो. डिफॉल्ट बदलणं म्हणजे ही तिन्ही कामं, असं मी तेव्हापासून धरते. आणि नवा फोन घेतला की ती पुन्हा एकदा तपासून घ्यावीत.

डिफॉल्ट ब्राउझर बदलूनही काही लिंका त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधली लिंक दाबली की पान ॲपच्या आतच उघडतं, वर एक बारीक पट्टी आणि फुलीचं चिन्ह. तो आपला ब्राउझर नसतो. ती ॲपची स्वतःची खिडकी असते. अँड्रॉइडवर अशा खिडक्यांमागे ‘वेबव्ह्यू’ नावाचा फोनमधला एक वेगळा भाग काम करतो आणि आपल्या निवडीशी त्याचा संबंध नसतो. मार्च २०२१ मध्ये याच भागाची एक सदोष सुधारणा जगभर गेली आणि जीमेलसकट कित्येक ॲप उघडताक्षणी बंद पडू लागली. आपल्या फोनमध्ये असं काही आहे, हे पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

या खिडक्यांबद्दल फेलिक्स क्राऊजे या सॉफ्टवेअर अभियंत्याने ऑगस्ट २०२२ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. आयफोनवरची इन्स्टाग्राम, फेसबुक आणि टिकटॉकची ॲप आपल्या खिडकीत उघडलेल्या परक्या पानांत स्वतःचा कोड घालत होती. त्या कोडने माहिती गोळा केलीच, असं त्याने म्हटलं नाही आणि कंपन्यांनी आपापली स्पष्टीकरणं दिली. पण करण्याची क्षमता तिथे होती. म्हणून ॲपच्या खिडकीत पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर टाकू नये. वरच्या तीन टिंबांत ‘ब्राउझरमध्ये उघडा’ असा पर्याय असतो, तो दाबावा आणि आपल्या ब्राउझरमध्ये पुढचं काम करावं. सरकारी पानावरून पीडीएफ उतरवायची असेल तरी हेच करावं. ॲपच्या खिडकीत डाउनलोड अडकण्याची शक्यता जास्त.

राहिला प्रश्न कोणता ब्राउझर घ्यायचा. नावं पुष्कळ असली तरी आतली यंत्रं मोजकीच आहेत. अँड्रॉइडवरचे क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हे सगळे गूगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्रोमियम प्रकल्पावर उभे आहेत. फायरफॉक्सचं यंत्र वेगळं, त्याचं नाव गेको. आयफोनवर तर नाव कुठलंही असो, आत ॲपलचंच वेबकिट असतं. दुसरं यंत्र वापरायची मुभा ॲपलने २०२४ मध्ये दिली तीही तेव्हा फक्त युरोपीय संघात. क्रोमियमवर उभे असलेले ब्राउझर सारखेच, असं मात्र नाही. ब्रेव्ह जाहिराती आणि माग काढणारे कोड पहिल्यापासून अडवतो; एज माग काढणारे काही कोड अडवतो, पण जाहिराती पहिल्यापासून अडवत नाही.

माझा कल फायरफॉक्सकडे आहे. अँड्रॉइडवर त्यात संगणकासारखी एक्स्टेन्शन बसवता येतात, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिनही; आणि त्याचा मराठी अवतार स्वयंसेवकांच्या मेहनतीतून झालेला आहे. त्याची अडचणही लपवणार नाही: फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगल देतं, त्यात गूगल हे डिफॉल्ट शोधयंत्र ठेवण्यासाठी.

भारतीय ब्राउझरही आहेत. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये देशी ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये झोहोच्या ‘उला’ला एक कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं. उलाही क्रोमियमवरच उभा आहे, पण आपल्या देशात असं काम होतंय याचा मला आनंद आहे. मात्र देशी आहे एवढ्यावर कुठलाच ब्राउझर घेऊ नये आणि परदेशी आहे म्हणून टाकूही नये. रोजची कामं त्यात आठवडाभर करून पाहावीत: सातबारा काढणं, वीजबिल भरणं, रेल्वेचं तिकीट, मुलांच्या निकालाचं पान, सकाळच्या बातम्या. एखादं पान अडलं तर तेवढ्यापुरतं जुन्या ब्राउझरमध्ये उघडावं. म्हणून तो लगेच काढून टाकू नये.